पंच्याहत्तर मिनिटांचा झेंडा

दुसऱ्याच्या घरात डोकावायची सवय मला मुळीच नाही. पण बडोद्यात वासण्याच्या आमच्या सोसायटीत बिल्डरनं आमचा ओटा आणि फणशांचं जेवणाचं टेबल यांच्यामध्ये एक खिडकी आणि चार फूट हवा एवढंच ठेवलं, त्याला मी काय करणार? भाजी चिरताना मान वर केली की समोर दीनानाथ फणसे. एकोणीस वर्षं बघतेय. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते बहुतेक डोळ्यांनी पाहिलेलं आहे. जे ऐकीव आहे ते त्यांच्या बायकोनं, चारूताईंनी, ‘कुणाला सांगू नकोस हं’ असं म्हणून सांगितलेलं आहे, म्हणजे तेही खात्रीचंच.

फणसेभाऊजी बाजव्याकडच्या रिफायनरीत कंट्रोल रूममध्ये चौतीस वर्षं होते. काम काय, तर दर तासाला काट्यांवरचे आकडे बघायचे आणि लॉगबुकात लिहायचे. दाब इतका, तापमान इतकं. आकडा रोजच्यासारखा असेल तर नुसता आकडा. वेगळा असेल तर शेजारी शेरा. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. लॉगबुक तिथेच राहिलं, सवय तेवढी घरी आली. पहिल्या महिन्यात ते फ्रिजचं तापमान लिहायचे. दुसऱ्या महिन्यात कुकरच्या दोन शिट्ट्यांमधलं अंतर. तिसऱ्या महिन्यात चारूताई माझ्याकडे येऊन बसल्या.

"अगं, यांना काहीतरी मोजायला दे. माझं स्वयंपाकघर सोडून काहीही."

मी म्हटलं, "भाऊजी पळतात ना? पळणं मोजू देत की."

ही एवढीच माझी चूक.

भाऊजी बारा वर्षं दहा किलोमीटरच्या दौडी पळतायत. बडोद्याची, आणंदची, भरूचची. जिथे म्हणून रविवारी सकाळी रस्ता अडवून टीशर्ट वाटतात, तिथे. कपाटात पदकांचा जुडगा आहे, पण ती पदकं पोचलेल्या प्रत्येकालाच मिळतात. नंबर कधी आला नाही. शेवटूनही नाही. पुढच्यांचे फोटो काढून फोटोवाला दमलेला असतो आणि अगदी मागच्यांचे कौतुकानं काढायला अजून अवकाश असतो. त्या मधल्या वेळात आमचे भाऊजी येतात. चारूताईंनी एकदा निकालाच्या वेबसाइटवर त्यांचा फोटो शोधला, तर फोटोवाल्याची पाठ आणि त्याच्या कोपराखाली भाऊजींचा एक बूट, एवढं सापडलं.

तर पुण्याच्या लेकीनं पाठवलेला जुना लॅपटॉप निघाला, बारा डायऱ्या निघाल्या, आणि भाऊजी दोन बोटांनी एक्सेलमध्ये उतरवायला बसले. पहिल्या रकान्यात तारीख, मग गाव, मग वेळ, आणि शेवटी अर्थातच शेरा. ‘वारा समोरून.’ ‘नवे बूट, डावा चावला.’ ‘भरूच. पाणी कोमट.’ आठवडाभरानं मी वाटी परत द्यायला गेले, तर टेबलाशी बसलेला माणूस घाबराघुबरा.

"वहिनी, जरा बघा. काहीतरी गडबड आहे."

स्क्रीनवर ‘ताशी वेग’ असा रकाना होता आणि त्यात खालपर्यंत एकच आकडा. शून्य पूर्णांक तेरा. शून्य पूर्णांक तेरा.

"म्हणजे किती?"

"तासाला एकशे तीस मीटर."

"भाऊजी, कमाटीबागेतलं कासव बरं की हो."

"आणि दहा किलोमीटरला चौऱ्याहत्तर तास लागले म्हणतंय."

"तीन दिवस? आणि चारूताईंनी पोलिसात कळवलं नाही?"

आतून चारूताईंचा आवाज आला, "मला कसं कळणार? आमटी तर रोज संपत होती."

भाऊजींना हसू आलं नाही. दोन दिवस मी ओट्याशी उभी राहून बघत होते. हा माणूस पेनाचं टोपण चावतोय आणि पडद्याकडे बघतोय. तिसऱ्या दिवशी सकाळी पोहे परतत असताना खिडकीतून हाक आली.

"वहिनी! साठ!"

"काय साठ?"

"मी मिनिटं आणि सेकंद लिहीत होतो, ते तास आणि मिनिटं वाचत होतं. सगळ्याला साठनं भागलं. एका फटक्यात सगळं सरळ!"

आता वेग ताशी आठ किलोमीटर आला. माझे पोहे लागले, पण तो आनंद बघण्यासारखा होता. रिफायनरीतला मोठा पाइप गळताना आपण एकट्यानं बंद केला असावा, तसा.

त्या दिवसापासून भाऊजींना फॉर्म्युल्यांचं वेड लागलं. सगळ्यात कमी वेळ, पावसाळ्यातली सरासरी, थंडीतली सरासरी. आकडे काही वाखाणण्यासारखे नव्हते. पावसाळ्यातली नि थंडीतली सरासरी यांत फार फरकच नव्हता. पण एक दिवस त्यांना नवाच फॉर्म्युला सापडला. नाव मोठं इंग्रजी होतं. मला समजावलं ते असं:

"सरासरी कुणीही काढतं, वहिनी. सरासरीपासून माणूस किती भरकटतो, ते हा सांगतो."

"आमच्या ह्यांना लावता येईल का?"

"आकडे लागतात. किमान दहा-बारा."

"आकडे आहेत. तुम्ही सांगा फक्त."

ते या असल्या बोलण्याकडे लक्ष देत नाहीत. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. समोर दिसत होत्या तेवढ्या ओळींत दहा किलोमीटरला कधी चौऱ्याहत्तर मिनिटं आणि काही सेकंद, कधी पंच्याहत्तर आणि काही सेकंद. ऊन असो, थंडी असो, बूट चावो. भाऊजी भरकटतच नव्हते.

आता इथे प्रेमलाबेनची हकीकत सांगायला हवी, कारण झेंड्याचं सगळं तिथून सुरू झालं. प्रेमला घोरपडे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. आडनाव घोरपडे असलं तरी सोसायटीत सगळे बेनच म्हणतात, आणि आता त्याही स्वतःला फोनवर ‘हुं प्रेमलाबेन’ असंच सांगतात. मागच्या वर्षीच्या जानेवारीतल्या मोठ्या दौडीत त्या पहिल्यांदाच दहा किलोमीटर पळाल्या. अशा दौडीत काही जण पाठीला काठी बांधून झेंडा घेऊन पळतात. त्यांना पेसर म्हणतात. झेंड्यावर मिनिटं लिहिलेली असतात. पंचावन्नचा झेंडेवाला बरोबर पंचावन्न मिनिटांत पोचणार. त्यानं लवकर पोचायचं नाही आणि उशिरा तर नाहीच नाही. आपण फक्त त्याच्या मागे राहायचं. सगळ्यात सावकाश झेंडा होता पासष्टचा. तो तिसऱ्या किलोमीटरलाच प्रेमलाबेनच्या नजरेआड झाला. पुढे ओळखीचं कुणी नाही, मागेही नाही. मग त्यांना लाल टीशर्टातला एक माणूस दिसला आणि त्या इमानेइतबारे त्याच्या मागे लागल्या. तो डावीकडे वळला, त्या डावीकडे. तो उजवीकडे, त्या उजवीकडे. शेवटी तो एका सोसायटीच्या फाटकातून आत शिरला आणि वळून, यांना कुणाकडे जायचंय ते न कळून, म्हणाला, "बेन, तमारे कोने त्यां जवुं छे?" माणूस दूध आणायला निघाला होता.

आम्ही सगळे पोट धरून हसलो. भाऊजी हसले नाहीत. घरी जाऊन त्यांनी दौडीच्या निकालाची सगळी यादी एक्सेलमध्ये ओतली आणि पासष्ट मिनिटांच्या पुढे किती माणसं आली ते मोजणारा फॉर्म्युला लावला. उत्तर आलं चारशे बारा.

चारशे बारा माणसं, आणि त्यांच्यासाठी एक झेंडा नाही. हे भाऊजींच्या मनाला लागलं. आणि त्याबरोबर दुसरंही काहीतरी त्यांच्या मनात आलं, जे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण मला खिडकीतून दिसलं. ते पाठीवर टॉवेल बांधून, काठी म्हणून लाटणं खोचून, हॉलमध्ये आरशासमोरून तीनदा गेले. एकोणीस वर्षांत या माणसानं स्वतःहून काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. ना खिडकीजवळची खुर्ची, ना वाढीव पोळी. आता त्यांना झेंडा हवा होता.

झेंडे देणं कुणाल मोहितेच्या हातात. कुणाल आमच्या भागातल्या पळणाऱ्यांच्या ग्रुपचा म्होरक्या, चौतीस वर्षांचा, धंद्यानं फिजिओथेरपिस्ट. आमचे चेहरे विसरेल पण गुडघे विसरणार नाही. डिसेंबरात एका रविवारी भाऊजींनी त्याला कमाटीबागेत गाठलं आणि पंच्याहत्तरचा झेंडा ठेव, मी धरतो, असं सांगितलं.

कुणालनं डोकं खाजवलं. "काका, पंच्याहत्तरला कोण पेसर ठेवतं? तेवढं तर चालता चालता पण थई जाय."

बाकावर मल्हारराव शिर्के बसले होते. रिटायर्ड पी.टी. मास्तर, अडुसष्ट वर्षांचे. शिट्टी शाळेत परत केली, पण जीभ शाळेनं ठेवून घेतली नाही. "फणसे," ते म्हणाले, "तुला झेंडा कशाला? पाठीवर नुसतं ‘पुढे जागा आहे’ असं लिही."

भाऊजींचे कान लाल झाले. पण ते एवढंच म्हणाले, "चारशे बारा माणसं असतात, कुणाल. मी मोजलीयत."

आकडा ऐकून कुणाल म्हणाला, "ठीक छे. पण नियम सगळ्यांना एकच. शेवटच्या बारा दौडींची शीट ग्रुपवर टाका. सरासरीपासून दोन मिनिटांच्या आत राहत असाल, तर झेंडा तुमचा. पुढच्या रविवारी इथेच ठरवू."

दोन मिनिटं! भाऊजी घरी परतताना जवळजवळ तरंगत होते. मी बरोबर चालत होते, मला धाप लागली.

संध्याकाळी मी मेथी निवडत बसले होते, तर समोर सामसूम. लॅपटॉप उघडा आणि भाऊजी भिंतीकडे बघत. मी मेथी तशीच टाकून गेले. शेजारधर्म म्हणून.

"काय झालं?"

त्यांनी बोट ठेवलं. भरकटण्याच्या चौकटीत आकडा होता: चार मिनिटं त्रेपन्न सेकंद.

"असं कसं? तुम्ही तर घड्याळ आहात."

बोट वर सरकलं. बारा ओळींतल्या अकरा शहाण्यासारख्या चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरवर होत्या. मधली एक, तेवीस सालच्या फेब्रुवारीतली, इथल्याच एका छोट्या दौडीची. एक्क्याण्णव मिनिटं चाळीस सेकंद.

"ही ओळ नसती तर?"

त्यांनी ती ओळ फॉर्म्युल्यातून वगळून दाखवली. सत्तावीस सेकंद! पुन्हा आत घेतली. चार त्रेपन्न.

"त्या पायात गोळा आल्याच्या वेळची ना ही?" मला आठवलं. त्या दौडीनंतर चारूताईंनी दोन दिवस यांच्या पोटरीला महानारायण तेल चोळलं होतं. अख्ख्या मजल्याला वास.

मी वाकून शेऱ्याचा रकाना वाचला. ‘कि.मी. ६. राजमहाल रोडचा कोपरा. लारी. थांबलो. सेव उसळ, पाव २, तर्री जादा. १६ मि. ५० से.’

लारी म्हणजे आमच्याकडची खाण्याची हातगाडी. मला आधी वाटलं मीच चुकीचं वाचतेय. मग मी खुर्ची ओढून बसले, कारण असले आनंद उभ्यानं सोसत नाहीत. त्याच्या आदल्या वर्षीच भाऊजींची साखर वाढलेली निघाली होती आणि चारूताईंनी घरात पाव, फरसाण, तर्री यांची नावंसुद्धा बंद केली होती.

"भाऊजी! म्हणजे तो गोळा..."

"हळू बोला."

"आणि तेल? दोन दिवस? तुम्ही पाय पुढे करून बसला होतात!"

"ती इतक्या प्रेमानं बाटली घेऊन आली, वहिनी. मग कसं सांगणार?"

"अहो पण दौडीच्या मध्येच का?"

"सहा महिने वास घेतला नव्हता. त्यानं तेव्हाच पातेल्यावरचं झाकण काढलं." एवढं बोलून ते पुन्हा भिंतीकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "सोपं आहे. ओळ उडवा. बारा हव्यात ना, जुनी एखादी घ्या. कुणाला कळतंय?"

खरं तर मला कळलं होतं, म्हणजे गुरुवारपर्यंत सगळ्यांना कळलंच असतं. पण भाऊजी नाही म्हणाले ते त्यासाठी नव्हे.

"लॉगबुकात ओळ उडवत नाहीत. आकडा चुकीचा लिहिला गेला, तर त्यावर एक रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी सही करायची. पण हा आकडा चुकलेला नाही. मी थांबलो होतो."

"मग निदान शेरा तरी काढा. ‘पायात गोळा’ लिहा."

"वेगळ्या आकड्याला शेरा हवाच. खोटा शेरा लिहिला तर पुढच्या पाळीचा माणूस भलताच व्हॉल्व्ह फिरवतो."

इथे कुठला व्हॉल्व्ह आणि कुठली पाळी! पण समजावून उपयोग नव्हता. चौतीस वर्षं ज्या हातानं खोटा आकडा लिहिला नाही, तो झेंड्यासाठीही लिहायला तयार नव्हता. आणि झेंडा तर हवा होता; तोंडावरून दिसत होतं. अडचण एवढ्यावर थांबत नव्हती. शीट ग्रुपवर टाकायची, आणि ग्रुपवर चारूताई. पाच किलोमीटर चालणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं.

"तर मग ग्रुपवर जायच्या आधी घरात सांगा," मी म्हटलं. "नंतर सांगितलंत तर मी खिडकी लावून घेईन. मला असलं बघवत नाही."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी नळ बंद ठेवला. भांड्यांचा आवाज नको म्हणून. भाऊजींनी लॅपटॉप बशीशेजारी ठेवला, शेरा चारूताईंसमोर सरकवला आणि हात मांडीवर घेऊन बसले. परीक्षेला बसलेल्या पोरासारखे.

चारूताईंनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं.

"दोन पाव?"

"हो."

"जादा तर्री?"

"हो."

"आणि मी तुमची पोटरी चोळत होते. माझे अंगठे दुखायला लागले होते."

"तू इतकं..."

"गप्प बसा." भाऊजींच्या कपात साखर नव्हतीच, तरी ते ढवळत होते. शेवटी चारूताई उठल्या, आत गेल्या आणि बाटली घेऊन आल्या. तीच. खुर्चीवर बसून पाय पुढे केले. "दोन दिवस. दोन्ही गुडघे. घड्याळ लावून, वीस-वीस मिनिटं. मग टाका काय ते ग्रुपवर."

भाऊजींनी मंगळवारी आणि बुधवारी गुडघे चोळले. गुरुवारी शीट ग्रुपवर पडली, शेऱ्यासकट. दहा मिनिटांत ग्रुपवर सत्तेचाळीस हसरे चेहरे. मल्हाररावांनी फक्त लिहिलं, ‘पाव दोनच? तब्येत बरी नव्हती का?’

रविवारी कमाटीबागेत कुणाल टॅबलेट घेऊन बसला. पंचावन्नवाले, साठवाले, पासष्टवाले पोरगे झटपट ठरले. मग तो भाऊजींच्या ओळीवर आला आणि त्याचा आवाज उतरला.

"काका, मर्यादा दोन मिनिटं. तुमचं चार त्रेपन्न येतंय. त्या एका दौडीमुळे, मला कळतंय, पण आकडा आकडा आहे."

"बरोबर आहे," भाऊजी म्हणाले. वाद घातलाच नाही. चारूताईंनी माझ्याकडे बघितलं, मी प्रेमलाबेनकडे. इतकी तयारी करून हा माणूस दोन शब्दांत हरत होता.

कुणाल पान बंद करणार, तेवढ्यात त्याला खाली आणखी एक पान दिसलं. भाऊजींनी प्रत्येक दौडीचा एकेक किलोमीटर वेगळा मांडून ठेवला होता. मागितलं नव्हतं तरी. कुणालनं तेवीसचा फेब्रुवारी उघडला, आणि हळूहळू मोठ्यानं वाचायला लागला.

"पाचवा किलोमीटर, सात एकोणतीस. सहावा, चोवीस एकोणीस. ओके, ही उसळ. सातवा..." तो थांबला. "सातवा सात तीस?"

"हो."

"आठवा सात एकोणतीस. नववा सात अठ्ठावीस. दहावा सात तीस." त्यानं टॅबलेट खाली ठेवला. "काका, जवळजवळ सतरा मिनिटं थांबून, दोन पाव खाऊन, पुन्हा त्याच वेगाला लागलात?"

"जरा ढेकर येत होते," भाऊजी म्हणाले. "पण पाय तेवढेच पडत होते."

पहिल्यांदा कुणी हसलं नाही. कुणाल उठला. "घड्याळ काढा. काकींकडे द्या. मोबाइलपण. या वाटेनं बँडस्टँडला वळसा मारून इथे परत, बरोबर एक किलोमीटर होतो. साडेसात मिनिटांत या. घड्याळाशिवाय."

भाऊजींनी घड्याळ काढून चारूताईंच्या हातात दिलं आणि निघाले. जाताना आमच्याकडे बघितलंही नाही. झाडांमागे दिसेनासे झाले. कुणालच्या हातात स्टॉपवॉच, आणि त्याच्याभोवती आम्ही चौदा जण माना घालून. सहा मिनिटं झाली. कुणी नाही. पावणेसात. एक कुत्रा आला. सात. चारूताई त्यांचं घड्याळ मुठीत धरून पुटपुटत होत्या, "येतील. इथे लारी नाही कुठली." सात दहाला वळणावर पांढरी टोपी दिसली. घाई नाही, ओढाताण नाही. दूधवाल्यानं रोजच्या घरी यावं तसे आले आणि रेघेवर पाय ठेवला.

कुणालनं स्टॉपवॉच फिरवून सगळ्यांना दाखवलं. सात मिनिटं सव्वीस सेकंद.

"चार सेकंद लवकर," भाऊजी ओशाळून म्हणाले. "सगळे बघत होते ना."

"काका," कुणाल म्हणाला, "झेंडा शिवायला टाकतो."

मल्हारराव बाकावरून उठले, पँट झटकली, आणि "आता उसळीच्या गाड्यालाही एक झेंडा द्या" असं म्हणून निघून गेले. पण माझं लक्ष होतं. वाटेत थांबून त्यांनी पावलांनी बँडस्टँडपर्यंतची वाट उगाच मोजल्यासारखी केली.

उत्तरायणानंतरच्या रविवारी दौड झाली. साडेसहाला अंधार होता, थंडी होती, आणि झाडांवर, तारांवर फाटके पतंग लोंबत होते. भाऊजी पाठीला झेंडा बांधून उभे. हिरवा, त्यावर पांढऱ्यात ७५. यादीत बारा जणांनी नावं दिली होती, त्यात प्रेमलाबेन आणि मी. मल्हाररावांचं नाव नव्हतं. ते पाच पावलं मागे उभे राहून बुटाची नाडी बांधत होते. मी बघितलं, तर म्हणाले, "मी आपला सहज पळतोय. माझा कुठल्या झेंड्याशी संबंध नाही."

पहिले दोन किलोमीटर मी चार गमती सांगितल्या. तिसऱ्यापासून मला बोलता येईना. तेवढा एक आवाज बंद झाल्यावर नुसत्या पावलांचा आवाज राहिला, आणि पुढे तो झेंडा. ना जवळ येत, ना लांब जात. दर किलोमीटरला भाऊजी मागे न बघता सांगायचे, "तीन झाले. पाणी उजवीकडे." "पाच झाले. खांदे सोडा." गर्दीतली अनोळखी माणसं आमच्यात येऊन मिसळत होती. अकोट्याच्या पुलावर तर तीस-पस्तीस जण झाले असतील. एका काकांनी झेंडेवाला भरवशाचा आहे का ते विचारलं, "भाई, आ झंडावाळा पाका छे?" प्रेमलाबेननी धापा टाकत उत्तर दिलं, "पाका. दूध लेवा नथी जता."

आठव्या किलोमीटरला निंबाच्या फांदीवरून लोंबणाऱ्या मांज्यात झेंडा अडकला. काठी मागे ओढली गेली, पट्ट्यातून सुटली आणि फांदीला लटकली. भाऊजींचं पाऊल अडखळलं. त्यांनी थांबावं तर पंच्याहत्तरचं गणित गेलं, न थांबावं तर झेंडा गेला. त्यांच्या मागे होत्या प्रेमलाबेन. शाळेत व्हॉलीबॉल खेळलेल्या, अठ्ठावन्न वर्षांच्या. त्यांनी पळता पळता उडी मारली, काठी ओढली, मांजा तुटला.

"आला का?" भाऊजींनी विचारलं, मागे न बघता.

"आला. तुम्ही चला!"

तिथून पुढे झेंडा प्रेमलाबेनच्या हातात आणि वेग भाऊजींच्या पायात, अशी आमची वरात पोचली. मोठ्या घड्याळात एक तास चौदा मिनिटं एक्कावन्न सेकंद. माझ्या गळ्यात पदक पडलं आणि मी रस्त्याच्या कडेला चक्क बसकण मारली. प्रेमलाबेन झेंडा फडकावत होत्या आणि रडतही होत्या. समोर कुणाल दोन्ही हात वर करून नाचत होता. एक फोटोवाला धावत आला.

भाऊजी मात्र बोटांनी मोजत होते. एकेकाच्या तोंडाकडे बघत. यादीतले बाराही जण होते. त्यांनी पुन्हा मोजलं.

"मल्हारराव कुठायत?"

"ते यादीत नाहीत," मी म्हटलं.

"सातपर्यंत माझ्या मागे होते. पावलं ओळखतो मी त्यांची." आणि हा माणूस, फोटोवाला समोर उभा असताना, पाठ करून रस्त्यानं उलटा चालू लागला. चारूताईंनी फोटोवाल्याला थांबवून ठेवलं.

तीन-चार मिनिटांनी दोघं दिसले. मल्हारराव लंगडत, तोंडाचा पट्टा सुरू. भाऊजी त्यांच्या बाजूनं, हात न धरता, पण धरता येईल इतक्या जवळून. रेघ ओलांडल्यावर मल्हाररावांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे तक्रार.

"घाई कसली होती रे तुला, फणसे?"

"घाई नव्हती. पंच्याहत्तर मिनिटं होत आली होती."

"नवव्याला वेग वाढवलास तू."

भाऊजींनी घड्याळाची बटणं दाबली आणि खरोखरच बघितलं. "हो. सात चोवीस. माझं चुकलं."

मल्हाररावांनी लंगडा पाय झटकला. पस्तीस वर्षं पोरांना ओरडले, पण चुकलं म्हणणारं पोरगं बहुधा भेटलं नसावं. चारूताईंनी त्यांच्या हातात सोललेलं केळं दिलं. ते त्यांनी पूर्ण खाल्लं, साल घडी घालून खिशात ठेवलं, आणि मग भाऊजींच्या कानाशी वाकले.

"पुढच्या वर्षी यादी कधी लावणार?"

"डिसेंबरात. नाव लिहू?"

"लिही," मल्हारराव म्हणाले, आणि माझ्याकडे बघून आवाज आणखी खाली आणला, "पण या बाईंसमोर नको."